लोणकढी थाप आणि तिचं बिल

परग्रहावरून आलेल्या मदरशिपमध्ये आपल्या लॅपटॉपवरून व्हायरस घुसवता येतो आणि त्यामुळे समोरच्यांचं अख्खं आरमार लुळं पडतं, ह्यावर तुमचा विश्वास आहे? माझा अजिबात नाही. गेली कित्येक वर्षं मी सॉफ्टवेअर लिहून पोट भरतोय. आमच्या ऑफिसातला मीटिंग रूमचा प्रोजेक्टर आणि माझा लॅपटॉप, दोघंही ह्याच पृथ्वीवर जन्मलेले. तरी त्यांनी एकमेकांशी बोलावं म्हणून दर सोमवारी तीन माणसं आणि दहा मिनिटं खर्ची पडतात. आणि इथे जेफ गोल्डब्लूम काखोटीला ॲपलचा लॅपटॉप मारून अंतराळात जातो आणि पहिल्या फटक्यात कनेक्ट होतो! ड्रायव्हर नाही, पासवर्ड नाही, काही नाही.

आणि तरीही 'इंडिपेंडन्स डे' (१९९६) टीव्हीवर लागलेला दिसला, की मी रिमोट खाली ठेवतो आणि शेवटपर्यंत बघतो. तुमच्यापैकीही बरेच जण बघत असणार. उगाच नाही म्हणू नका.

आता गंमत बघा. ह्याहून कितीतरी कमी थापा मारणारे सिनेमे आपण अर्ध्यात बंद केलेत, "काय वाट्टेल ते दाखवतात राव" म्हणून. मग ही मोठी थाप पचते आणि ती छोटी का पचत नाही?

ह्यावर साधारणपणे दोन पंथ असतात. पहिला पंथ म्हणतो, "डोकं घरी ठेवून ये, सिनेमा आहे तो, एंजॉय कर." दुसरा पंथ इंटरव्हलमध्ये समोसा खाता खाता सांगतो की अंतराळात आवाज ऐकू येत नाही. (दुसऱ्या पंथात आमच्या व्यवसायातली मंडळी जरा जास्तच असतात.) मला दोन्ही पंथ पटत नाहीत. पहिला खरा असता तर कुठलाच भव्यदिव्य सिनेमा आपटला नसता, आणि दुसरा खरा असता तर कुठलाच चालला नसता.

तर आपण जरा पद्धतशीरपणे बघू. एखादा बग सापडत नसेल तर आपण काय करतो? बाकी सगळं तसंच ठेवून एकच गोष्ट बदलतो आणि काय होतं ते बघतो. सिनेमात असा प्रयोग सहसा करता येत नाही, कारण दिग्दर्शक बदलला की सगळंच बदलतं. पण आपल्या सुदैवाने रोलँड एमरिक नावाचे एक जर्मन गृहस्थ आहेत, ज्यांनी हा प्रयोग आपल्यासाठी स्वतःच करून ठेवलाय. आयुष्यभर ते एकच गोष्ट करत आलेत: पृथ्वीचा सत्यानाश, प्रत्येक वेळी वेगळ्या कारणाने आणि प्रत्येक वेळी तितक्याच अचाट कारणाने.

'इंडिपेंडन्स डे'त परग्रहवासी आले. खर्च साडेसात कोटी डॉलरच्या आसपास, जगभरातली कमाई एक्क्याऐंशी कोटींच्या वर, त्या वर्षीचा जगातला सगळ्यात जास्त कमावणारा सिनेमा. 'द डे आफ्टर टुमॉरो'त (२००४) समुद्रातले प्रवाह बंद पडले आणि हिमयुग काही दिवसांत येऊन ठेपलं. कमाई पंचावन्न कोटींच्या आसपास. '२०१२'मध्ये (२००९) सूर्याकडून आलेल्या न्यूट्रिनोंनी पृथ्वीचा गाभा तापवला, आणि खंडच्या खंड बुडाले. कमाई जवळपास एकोणऐंशी कोटी. आणि मग आला 'मूनफॉल' (२०२२). चंद्र आपली कक्षा सोडून पृथ्वीवर यायला निघतो, कारण तो आतून पोकळ आहे, आणि कुणीतरी तो बांधलेला आहे. खर्च चौदा कोटींच्या आसपास, कमाई सात कोटीसुद्धा नाही. पार झोपला.

दिग्दर्शक तोच, समुद्राच्या लाटांनी शहरं गिळण्याची हौस तीच, शेवटच्या सेकंदाला निसटणारी गाडीसुद्धा तीच. मग बिघडलं काय?

पहिला संशय अर्थातच विज्ञानावर. 'मूनफॉल'चं विज्ञान भयंकर आहे, ह्यात वादच नाही. चंद्र डोक्यावरून जाताना त्याच्या ओढीने गाड्या, माणसं, समुद्र सगळं वर उचललं जातं. आता चंद्रावर प्रत्यक्ष उभं राहिलं तरी त्याची ओढ पृथ्वीच्या एक षष्ठांश असते. म्हणजे तो अगदी कानाला लागून गेला तरी आपलं वजन फार तर थोडं कमी भरेल, कोणी उडणार नाही. पण मग '२०१२'चं काय? न्यूट्रिनो हा इतका अलिप्त कण आहे की हे वाक्य वाचता वाचता अब्जावधी न्यूट्रिनो तुमच्या अंगातून आरपार गेले आणि तुम्हाला गुदगुल्यासुद्धा झाल्या नाहीत. ते पृथ्वीचा गाभा तापवणार म्हणजे संन्याशाने दंगल घडवल्यासारखं आहे. तेव्हा विज्ञानाच्या पेपरात दोघंही नापास. एक नापास होऊन मालामाल झाला आणि दुसरा नापास होऊन घरी बसला.

दुसरा संशय करोनावर. २०२२चा फेब्रुवारी, लोक थिएटरात जायला बिचकत होते, मान्य. पण त्याच्या दीडेक महिना आधी, डिसेंबर २०२१मध्ये, 'स्पायडर-मॅन: नो वे होम' आला होता आणि त्याने एकशे नव्वद कोटी डॉलरच्या वर कमावले. आता स्पायडर-मॅनची फौज मोठी, आधीच्या सिनेमांची पुण्याई मोठी, हे सगळं धरूनही लोक घराबाहेर पडत होते एवढं नक्की. आणि तोही काही वास्तववादी सिनेमा नव्हता. मंत्र चुकतो म्हणून दुसऱ्या विश्वांतले खलनायक आणि आणखी दोन स्पायडर-मॅन आपल्या विश्वात येऊन पडतात. थाप म्हणाल तर पाचही बोटं तुपात.

त्या स्पायडर-मॅनच्या शेवटी काय होतं ते आठवा. फाटलेलं विश्व शिवायचं तर एकच उपाय उरतो: साऱ्या जगाने पीटर पार्करला विसरायचं. आणि जग विसरतं. मैत्रीण विसरते, जिवलग मित्र विसरतो. तो कॉफीच्या दुकानात तिच्यासमोर उभा राहतो आणि ती त्याला गिऱ्हाईक समजते. माझ्या मते सगळी मेख इथे आहे.

माझी थिअरी सांगतो. प्रेक्षक हा गल्लीतल्या जुन्या वाण्यासारखा असतो. 'आज रोख उद्या उधार' अशी पाटी लावलेली असली तरी ओळखीच्या गिऱ्हाइकाला तो उधार देतोच. परग्रहवासी आले? ठीक आहे, घेऊन जा. डायनासोर जिवंत केले? घेऊन जा. माणूस अदृश्य होतो? घेऊन जा, लिहून ठेवतो. तो कारण विचारत नाही, विज्ञानाचं प्रमाणपत्र मागत नाही. पण वहीत नोंद पक्की असते. महिनाअखेरीला, म्हणजे सिनेमाच्या शेवटच्या अर्ध्या तासात, तो वही उघडतो आणि बघतो की पैसे चुकते झाले का. कथेतल्या कुणीतरी त्या थापेची किंमत मोजलेली असली पाहिजे. ती मोजली असेल तर थाप कितीही मोठी असो, तो हसून वही मिटतो. आणि जुनी उधारी फेडण्यासाठी तुम्ही नवीन उधारी मागायला आलात, तर मात्र त्याचा चेहरा बदलतो.

आता हे लावून बघू. 'इंडिपेंडन्स डे'ची मूळ थाप एकच: ते आले. ती पहिल्या काही मिनिटांतच मारली जाते आणि तिथून पुढे बराच वेळ ती फक्त माणसांच्या विरोधात काम करते. त्यांच्या जहाजांना अभेद्य कवच आहे हा नियम आपल्याला कळतो. क्षेपणास्त्रं आपटून फुकट जातात. मग ह्यूस्टनवर स्वतःच्याच देशाने अण्वस्त्र टाकून बघितलं, त्यानेही काही झालं नाही. शहरं गेली, राष्ट्राध्यक्षाची बायको गेली. आता व्हायरस. तो नायकाला सोडवतो हे खरं, पण तो आभाळातून पडत नाही. हल्ल्याची वेळ जुळवायला हे परग्रहवासी आपलेच उपग्रह वापरतायत हे गोल्डब्लूमने सुरुवातीलाच पकडलेलं असतं. १९४७ साली पडलेलं त्यांचं छोटं यान लपवून ठेवलंय हेही आधीच दाखवलेलं असतं. आणि मूळ कल्पना तर एच. जी. वेल्सची. 'वॉर ऑफ द वर्ल्ड्स'मध्ये (१८९८) मंगळवासी शेवटी पृथ्वीवरच्या जंतूंनी मरतात. इथे जंतूच्या जागी कॉम्प्युटरचा व्हायरस.

पण महत्त्वाचं पुढेच आहे. व्हायरसने युद्ध जिंकलं जात नाही. त्याने फक्त कवच उतरतं. त्यानंतरही शेवटचं क्षेपणास्त्र अडकून बसतं, सुटतच नाही, आणि पिकांवर औषध फवारणारा तो दारुडा वैमानिक, ज्याच्यावर आयुष्यभर सगळे हसत आले, तो आपलं विमान घेऊन सरळ त्या तोफेच्या तोंडात घुसतो. त्याची मुलं खाली रेडिओवर ऐकत असतात. बिल भरलं. वहीवर काट मारली. मग मागे वळून प्रोजेक्टरची आठवण काढायची कुणाला फुरसत असते?

'मूनफॉल'मध्ये काय होतं? चंद्र निघाला, ही पहिली उधारी. तो पोकळ निघाला, ही दुसरी. आत एक दुष्ट यंत्रबुद्धीचा थवा आहे, तिसरी. चंद्र बांधणारे आपलेच पूर्वज होते, चौथी. आणि त्यांनी ठेवलेली एक सज्जन यंत्रबुद्धी ऐन वेळी नायकाला सगळी हकिकत समजावून सांगते, पाचवी. प्रत्येक नवीन थाप आधीच्या थापेतून सोडवायला येते. ज्यांनी रिलीजच्या आदल्या रात्री पॅचवर पॅच मारलेत त्यांना हा प्रकार चांगला परिचयाचा असेल. त्यातून ह्या थापा संकटापेक्षा सोयीच्याच जास्त. अवकाशयानाचं एक इंजिन ऐन उड्डाणाच्या वेळी बंद पडतं, तर जवळ आलेल्या चंद्राची ओढ त्याला वर उचलून घेते. समोर दरी आली, तर गाडी हलकी होऊन पलीकडे! ज्या चंद्राने जीव घ्यायचा तोच कडेवर घेऊन फिरतोय.

आणि कळस म्हणजे शेवट. इथेही एक जण जीव देतो. के. सी. नावाचा तो जाडसा, प्रेमळ, कुणी ऐकून न घेणारा गडी, जो पहिल्यापासून "चंद्र बांधलेला आहे" म्हणून ओरडत असतो. म्हणजे त्या दारुड्या वैमानिकाचाच धाकटा भाऊ म्हणा ना. तो स्वतःला त्या थव्यासकट उडवून देतो. तुमचा घसा जरा दाटतो न दाटतो तोच सिनेमा सांगतो, काळजी नको, त्याच्या मनाची प्रत चंद्राने काढून ठेवली होती, तो आता आत आहे. झालं! भरलेलं बिल परत केलं. रिफंड. तुमच्या घशातला आवंढासुद्धा परत घ्या म्हणाले.

ही एक गोष्ट सोडली असती तर सिनेमा चालला असता असं मी म्हणत नाही. पण दोन सिनेमांतला एकसारखा प्रसंग एकात छातीवर बसतो आणि दुसऱ्यात हवेत विरतो, ह्याचं कारण एवढंच आहे.

एकदा हा चष्मा लावला की बाकीचेही सिनेमे दिसायला लागतात. 'द मेट्रिक्स' (१९९९) घ्या. यंत्रं माणसांना बॅटरी म्हणून वापरतात! अहो, माणसाला जेवढं खायला घालावं लागतं त्याहून कमी ऊर्जा त्याच्यातून निघते. बारावीच्या फिजिक्सवाल्यालाही हे कळतं. पण त्या थापेसोबत दोन कडक नियम येतात. बाहेर पडायला फोनच लागतो, आणि आत मेलात तर खरोखर मेलात. ह्या दोन नियमांवर अख्खा सिनेमा उभा आहे. म्हणून फोनची घंटा वाजली तरी आपल्या पोटात गोळा येतो. मग दुसऱ्या भागाच्या शेवटी, 'रीलोडेड'मध्ये (२००३), निओ खऱ्या जगात हात वर करतो आणि यंत्रं तिथल्या तिथे थांबतात. आतल्या जगातली शक्ती बाहेर कशी काय आली? प्रेक्षकांनी वही उघडून बघितलं. त्याच वर्षी सहा महिन्यांत आलेल्या तिसऱ्या भागाचा धंदा दुसऱ्याच्या तुलनेत चाळीस टक्क्यांहून जास्त घटला. त्याला कारणं अनेक असतील, पण हे त्यातलं एक नक्की.

उलट 'इंटरस्टेलर' (२०१४). किप थॉर्नसारखा भौतिकशास्त्रज्ञ (ज्याला पुढे २०१७ साली नोबेल मिळालं) सल्लागार होता म्हणून तो चालला असं आपली मंडळी मोठ्या प्रेमाने सांगतात. मला नाही वाटत. त्या समीकरणांतून फक्त एक नियम आपल्यापर्यंत पोचतो: त्या ग्रहावरचा एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं. आणि मग तिथे थोडा उशीर होतो. परत येऊन कूपर तेवीस वर्षांचे साठलेले व्हिडिओ संदेश बघत बसतो. मुलगा मोठा होतो, लग्न करतो, म्हातारबाबा जातात, आणि शेवटी पडद्यावर येते ती मुलगी, बापाच्या वयाची झालेली. सापेक्षतावाद ज्यांना कळत नाही तेही रडले. ह्याच सिनेमाच्या शेवटी पुस्तकांच्या कपाटामागे जे काही होतं ते न्यूट्रिनोंच्याही वरताण आहे. पण तोवर बिल इतकं जास्त भरून झालेलं असतं, की बरेच जण ती शेवटची थाप वरची सूट म्हणून सोडून देतात.

आता आपल्याकडे येऊ. आपल्याला हे सगळं परकं आहे असं मुळीच नाही. 'मिस्टर इंडिया' (१९८७) आठवा. सलीम-जावेदनी माणसाला अदृश्य केलं आणि लगेच एक अट घातली: लाल प्रकाशात तो दिसणार. केवढी साधी अट! पण त्या अटीमुळे लाल काच दिसली की आपण लहानपणी खुर्चीत पुढे सरकायचो. आणि त्या सिनेमात बिल कोण भरतं? ती छोटीशी टीना. मुलांच्या सिनेमात एक लहान मूल बॉम्बस्फोटात मरतं, आणि परत येत नाही. आज निर्मात्याला असं सुचवून बघा.

'रोबोट' (२०१०) घ्या. शेवटची वीस मिनिटं म्हणजे शंभर रजनीकांतांचा चेंडू, साप आणि काय काय. पण त्याआधीचा एक प्रसंग आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या काळजाला हात घालणारा आहे. आग लागलीय, चिट्टीला सांगितलंय माणसांना वाचव. अंघोळ करत असलेल्या मुलीला तो तशीच उचलून सगळ्यांसमोर आणतो. त्याच्या लेखी काम चोख झालं. ती लाजेने पळत सुटते आणि गाडीखाली जाते. सांगितलं ते केलं, सांगायचं राहिलं ते केलं नाही. ज्याने आयुष्यात एकदा तरी अर्धवट रिक्वायरमेंटवर कोड लिहिलाय, त्याला इथे विज्ञानकथा दिसत नाही, कालचा दिवस दिसतो. आणि शेवटी चिट्टीला स्वतःच्या हाताने स्वतःचे भाग सुटे करावे लागतात. बिल चुकतं.

आणि हा 'लव्ह स्टोरी २०५०' (२००८). नायिका अपघातात जाते. इथवर ठीक. मग नायक टाइम मशीनमध्ये बसून २०५० सालच्या मुंबईत जातो, तर तिथे तिचा पुनर्जन्म झालेला! बघा हं, आपल्याला पुनर्जन्माचं वावडं नाही. 'मधुमती'पासून 'करण अर्जुन'पर्यंत आणि पुढे 'ओम शांती ओम'पर्यंत आपण तो आनंदाने घेतला. टाइम मशीनचंही वावडं नाही. पण एकाच मरणावर दोन-दोन उतारे? मेली हे नुकसान, टाइम मशीन हे कर्ज, आणि पुनर्जन्म ही कर्जमाफी. मग आम्ही रडायचं कशासाठी? त्याच शुक्रवारी शेजारच्या पडद्यावर 'जाने तू... या जाने ना' लागला होता, ज्यात काहीच अचाट नव्हतं. लोक तिकडे गेले.

आता तुम्ही म्हणाल, ह्या थिअरीला अपवाद नाहीत का? भरपूर आहेत, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. 'कोई... मिल गया' (२००३) मध्ये जादू निघून जातो तेव्हा रोहितची शक्तीही जाते, आणि शेवटी ती परत मिळते. चक्क रिफंड, तरी सिनेमा तुफान चालला. मला वाटतं तिथे हिशोब उलटा आहे. रोहितने अर्धा सिनेमाभर अपमान सोसून बिल आगाऊच भरलंय, शेवटी त्याला मिळते ती थकबाकी. 'लुसी' (२०१४) मात्र खरा अपवाद. माणूस मेंदूचा दहाच टक्के वापर करतो ही जुनी भाकडकथा घेतली, नियम असा काही नाहीच, नायिकेला दर दहा मिनिटांनी नवीन शक्ती. चार कोटी डॉलर घातले, सेहेचाळीस कोटींच्या आसपास काढले. ह्याच्या उलट 'ब्लेड रनर' आणि 'द थिंग', दोन्ही एकाच दिवशी, २५ जून १९८२ला लागले, दोन्ही आपल्या नियमांशी शेवटपर्यंत इमानदार, आणि दोन्ही त्या वेळी आपटले. त्या महिन्यात अमेरिका 'ई. टी.' बघण्यात गुंग होती.

म्हणजे पहिल्या शुक्रवारी रांग लागणार की नाही, हे माझी वही सांगू शकत नाही. ते ट्रेलर, तारे, सुट्ट्या आणि नशीब ठरवतं. पण नंतर काय उरतं, ते ती बऱ्यापैकी सांगते. 'लुसी'बद्दल आज कोण वाद घालतंय? आणि 'ब्लेड रनर'वर चाळीस वर्षं झाली तरी लोक हमरीतुमरीवर येतात. अर्ध्या रात्री फोन करून "अरे, शेवटी तो पण तोच होता का?" असं विचारणारा मित्र ज्या सिनेमाला मिळतो, तो माझ्या हिशोबाने चालला.

हा सगळा खटाटोप मी करतोय त्याला एक कारण आहे. आपल्याकडे असा एखादा सिनेमा आपटला की दुसऱ्या दिवशी निदान तयार असतं: "भारतीय प्रेक्षकाला साय-फाय कळत नाही" किंवा "आपल्याकडे हॉलीवूडचं बजेट नाही." ही दोन वाक्यं बोलून सगळे मोकळे होतात, आणि पुढची दहा स्क्रिप्टं बासनात जातात. चुकीचं निदान हे आजारापेक्षा महाग पडतं, हे प्रोडक्शनमधला बग शोधताना ज्याची रात्र गेलीय त्याला सांगायला नको. आपल्या प्रेक्षकाला अदृश्य माणूस कळला, यंत्रमानव कळला, उन्हावर जगणारा जादू कळला. मग कळत नाही ते नेमकं काय?

बजेटचं म्हणाल, तर 'प्रायमर' (२००४) हा टाइम मशीनचा सिनेमा सात हजार डॉलरमध्ये झाला. करणारा शेन कॅरुथ, आधी सॉफ्टवेअर इंजिनिअर. लेखक तोच, दिग्दर्शक तोच, नायक तोच, संगीतसुद्धा त्याचंच. सनडान्स महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. त्यातलं यंत्र म्हणजे एक खोका. नियम एकच: जेवढे तास मागे जायचंय, तेवढे तास त्या खोक्यात पडून काढायचे. काळात मागे जायची सोय, पण फुकट नाही. बिल इथे शब्दशः तासांत भरायचं. आणि खरं मोठं बिल म्हणजे दोन मित्रांचा एकमेकांवरचा विश्वास, जो शेवटापर्यंत शिल्लक राहत नाही. सिनेमा समजायला मला आकृती काढावी लागली, पण फसवल्यासारखं एकदाही वाटलं नाही.

आणि आपल्याकडेही आरती कडवचा 'कार्गो' (२०१९) आहेच, नेटफ्लिक्सवर २०२० साली आलेला. तीही आधी सॉफ्टवेअरमध्ये होती. (आमच्या व्यवसायातून पळून गेलेली माणसं बरी निघतात असं दिसतंय :) ) त्यात एक राक्षस पुष्पक नावाच्या यानात नोकरी करतो आणि मेलेल्या माणसांना पुढच्या जन्मासाठी तयार करतो. 'लव्ह स्टोरी २०५०' मध्ये जे दोन तुकडे जुळत नव्हते, भविष्यकाळ आणि पुनर्जन्म, ते इथे एकच थाप होऊन येतात: परलोकाचं सरकारी खातं आता अंतराळात चालतं. आणि पुढचा जन्म हवा तर आधी सगळ्या आठवणी पुसून घ्यायच्या. पुनर्जन्म मिळतो, पण बिल भरल्यावर. ते यान बघताना पैसे कमी होते हे दिसतं. पण पाच मिनिटांनी तिकडे लक्षच जात नाही.

मराठीचं तर मला विशेष वाटतं. जयंत नारळीकर, बाळ फोंडके, निरंजन घाटे, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर... एवढ्या लोकांनी आपल्याला विज्ञानकथेची सवय लावली. दिवाळी अंकात ती कथा आधी वाचणारी एक पिढी घराघरात होती. आणि विज्ञानकथेवरचे मराठी सिनेमे मोजायला बसलं तर एका हाताची बोटंही जास्त होतात. शंभर रजनीकांतांचा साप आपल्याला परवडणार नाही, कबूल. पण एक थाप, एक कडक अट आणि ती किंमत मोजणारं एक माणूस, ह्याला किती पैसे लागतात? 'मिस्टर इंडिया'तली लाल काच किती रुपयांची असेल?

तेव्हा तुमच्यापैकी कुणाच्या लॅपटॉपवर एखादी अर्धवट स्क्रिप्ट 'नवीन फोल्डर (२)' मध्ये पडलेली असेल (असतेच, मला माहितेय), तर विज्ञान बरोबर आहे का हे तपासायच्या आधी एकच प्रश्न विचारा. माझ्या ह्या थापेचं बिल कोण भरतंय, आणि शेवटच्या पानावर मी ते हळूच परत तर करत नाहीये ना? उत्तर मिळालं, तर चंद्र पोकळ करा नाहीतर चौकोनी करा. वाणी उधार देईल.

बाकी सोमवारी प्रोजेक्टर आहेच.